काकांच्या बाटलीतले वाघ

"हलू नकोस! आली, आली... मटकावला! मावा मटकावला तिने!" भिंग्या कॅमेऱ्यामागून ओरडला.

"स्वतः बोंबलायचं आणि आम्हाला गप्प बसवायचं!" बडबडी फणकारली.

सुट्टीला मावशीकडे आलेली ताई, बडबडी आणि भिंग्या ही तीन भावंडं. मावशीने आपला कॅमेरा विश्वासाने हातात दिला होता आणि परसातल्या रानफुलांवर शिकारी किड्यांचे फोटो काढणं जोरात चाललं होतं. काळी, नारिंगी ठिपक्यांची, काटेरी अळी भिंग्याची भारी लाडकी. दिसायला भयंकर, पण झाडांचा रस पिणारा मावा फस्त करणारी वाघीणच!

पण या अळ्या रोज गायब व्हायला लागल्या. मग काय, मावा थेट मावशीच्या घेवड्यावर चढला.

"कीड या रानफुलांतूनच येते," मावशीचे यजमान, काका, गरजले. "पुढच्या रविवारी सगळी कापून टाकतो!"

मावशीचा चेहरा उतरला. एकेक बी टाकून तिनेच ती फुलं वाढवली होती.

ताईने झारीमागे कॅमेरा लपवला आणि फोटो आपोआप निघत राहतील असं केलं. दुपारी फोटो बघतात तर काय! चिमटा, बाटली आणि काकांचं चकचकीत टक्कल!

"काका आपल्या वाघांनाच कीड समजून बाटलीत भरतायत!" ताई म्हणाली.

"सांगूया?" भिंग्याने विचारलं.

"नुसतं सांगून ऐकतील होय? दाखवायला हवं!"

बडबडीने काकांना गप्पांत गुंतवलं. तिला काय, तेवढंच हवं होतं! तोवर ताईने कट्ट्यावरची बाटली लांबवली, झाकण काढून तोंडाला पातळ फडकं बांधलं. मावा लागलेले शेंडे रोज आत जाऊ लागले. अळ्या खाऊन खाऊन टम्म झाल्या आणि एक दिवस काचेला चिकटून निपचित पडल्या.

"मेल्या गं!" भिंग्या रडवेला झाला.

"वेड्या, कोष केलेत त्यांनी. धीर धर," ताई म्हणाली.

रविवारी काकांनी विळा काढला.

"काका, आधी तुमची बाटली घ्या!" ताईने बाटली पुढे केली.

काकांनी कपाळाला आठ्या घालत फडकं सोडलं. लालचुटुक, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे तुरुतुरु बाहेर पडले. एक तर थेट टकलावर जाऊन बसला!

"अरे, हे मावा खाणारे, आपल्या कामाचे! आणि मी धरलेल्या अळ्या कुठायत?"

"ह्याच त्या, काका!" ताईने फोटो दाखवले. अळी, कोष आणि त्यातून निघणारा ढालकिडा.

काका मटकन पायरीवर बसले. "म्हणजे मी राखणदारच पकडत होतो! चुकलंच माझं." त्यांनी विळा मावशीच्या हातात दिला. "पोरांनो, फार उपकार झाले. हुशार आहात हं!"

"माझी फुलं वाचवलीत रे," मावशीने तिघांना जवळ घेतलं.

"तू कॅमेरा दिलास म्हणून तर दिसलं सगळं!" भिंग्या तिला बिलगला.

काका मात्र टकलाला हात न लावता हळूच उठले आणि घेवड्यापाशी जाऊन वाकले.

"उतरा महाराज," ते म्हणाले, "पान वाढलंय!"