उभा हात, आडवा हात

काच्याला सगळे काच्या म्हणत, पण गड्याने काच म्हणून कधी पुसली नव्हती. बोटींच्या मागच्या बाजूला वारा-पाणी अडवायला पारदर्शक प्लास्टिकचे पडदे लावतात, चेनने बंद होणारे. ते धुरकट झाले की पुन्हा लख्ख करून द्यायचे, हा त्याचा धंदा. "काच नाही हो, प्लास्टिक! काच पुसायला मी कशाला हवा?" असं तो तावातावाने सांगायचा. धक्क्यावरचे लोक म्हणायचे, "बरं बाबा काच्या, प्लास्टिक तर प्लास्टिक."

त्या दुपारी त्याच्यापुढे भावोजींची बोट होती. पडद्यांची पार वाट लागलेली. भावोजींनी घरातला काच पुसायचा फवारा मारून वर कोरड्या कागदाने खसाखसा घासलं होतं. त्याने प्लास्टिक साफ होत नाही, आंधळं होतं. "उद्या सकाळी मी आणि तुझी ताई निघतोय. समोरचं दिसलं पाहिजे एवढं बघ," असं सांगून ते दोघं बाजारात गेले होते. काच्या हो म्हणाला खरा, पण त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

परवा ताईच्या मनगटावर काळानिळा डाग होता. "बोटीच्या पायरीवरून घसरले रे," असं म्हणून ती हसली आणि तिने बाही खाली ओढली. आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलेलं. ती खोटं बोलताना कशी हसते ते आपल्याला ठाऊक आहे, असं त्याला वाटायचं. भावोजी तापट, तोंडाने फटकळ. समुद्रात त्या दोघांशिवाय तिसरं कोण असणार? ताईला उद्या जाऊ द्यायचं नाही, हे त्याने पक्कं केलं होतं. कसं, तेवढं सुचत नव्हतं.

आधी त्याने गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढलं. मीठ राहिलं आणि हात फिरवला की ओरखडेच ओरखडे. मग मऊ फडक्यावर पॉलिशचं मलम घेऊन बाहेरून आडवा हात मारायला सुरुवात केली. ही त्याची जुनी शिस्त. बाहेरून आडवा हात, आतून उभा. शेवटी एखादा पट्टा राहिलाच, तर तो कुठल्या बाजूचा ते लगेच कळतं. मधल्या पडद्यावर, खालच्या अंगाला, तळहाताएवढा भाग मोकळा झाला. त्यातून आतलं बाकडं दिसलं आणि बाकड्यावर त्याच्याकडे पाठ करून बसलेली ताई दिसली.

"आलीस पण? हाक तरी मारायचीस!"

त्याने चेन उघडून डोकं आत घातलं. आत कुणी नव्हतं. बाकडं, दोराचं वेटोळं, आणि दोर ओढायच्या चक्रीचा लोखंडी दांडा, बस्स. मलमाचा वास डोक्यात गेला असेल, म्हणत काच्या पुन्हा कामाला लागला.

मोकळा भाग ताटाएवढा झाला. ताई पुन्हा तिथेच होती. अंगात पिवळा कुडता, केस वर बांधलेले. तिच्यासमोर पडद्याकडे तोंड करून एक माणूस उभा होता, पण दिसत होता तो छातीपर्यंतच. त्याच्या वरचा पडदा अजून धुरकट होता. माणसाच्या उजव्या हातात लोखंडी दांडा होता. तो वर गेला, धुरकट भागात दिसेनासा झाला आणि खाली आला. आवाज काही नाही. ताईचं डोकं मागे पडद्यावर आपटलं आणि प्लास्टिकवर लाल थेंब उडाले. दांडा पुन्हा वर गेला.

काच्या फडकं घासत सुटला. आडवं, वेड्यासारखं. थेंब हलेनात. आतल्या बाजूचे होते ते.

तो ओरडत आत घुसला. पडदा कोरडा होता. बाकड्यावर धूळ. दांडा जागच्या जागी.

धक्क्यावर बसून तो पाणी प्यायला, निम्मं अंगावर सांडलं. भुताखेतांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. त्याला खटकत होतं ते भलतंच. भावोजी डावखुरे होते. सही डाव्या हाताने, सुरी डाव्या हाताने. दांडा तर उजव्या हातात होता. आणि मग एकदम त्याच्या डोक्यात उजेड पडला. अरे, घासलेलं प्लास्टिक आरशासारखंच की! आरशात डाव्याचं उजवं होतं. म्हणजे आपल्याला दिसलं ते आतलं नव्हतं, बाहेरचं प्रतिबिंब होतं. म्हणजे भावोजीच!

पाठीमागे तर धक्का रिकामा होता, मग प्रतिबिंब कशाचं, हे त्याने स्वतःला विचारलंच नाही. बाहेरचं कुठलं आणि आतलं कुठलं, एवढंच ओळखून पोट भरणारा माणूस, आणि नेमका तिथेच फसला.

तरी वरचा धुरकट भाग पुसून एकदा तोंड बघावं, असं त्याला वाटलं. त्याने कोरडं फडकं उचललं.

"झालं का रे, काच्या?"

ताई धक्क्यावरून येत होती. अंगात पिवळा कुडता. केस वर बांधलेले.

मागून पिशव्या घेऊन भावोजी. "जपून गं! परवा त्याच पायरीवर घसरलीस."

वा, काय नाटक करतो, काच्या मनात म्हणाला. ताई आत जाऊन बाकड्यावर बसली, पडद्याकडे पाठ करून. फडकं धक्क्यावर टाकून तो तिच्यामागे धावला.

"ताई, तिथे बसू नकोस."

"का रे? ओलं आहे?"

"ऊठ म्हणतो ना!"

"अरे, असा काय करतोस?"

भावोजींनी वाकून दांडा उचलला. डाव्या हाताने. "हा इथे लोळतोय होय? आणि मी घरभर..."

काच्या त्यांच्यावर तुटून पडला. त्याने त्यांच्या पोटात गुडघा घातला, मानगूट धरून तोंड पडद्याच्या चौकटीवर आपटलं. दात तुटल्याचा आवाज आला. ते दांडा सोडेनात, तेव्हा तो त्यांच्या मनगटाला कडकडून चावला. दांडा त्याच्या उजव्या हातात आला. भावोजी ताईच्या पायाशी कोसळले, तोंडातून रक्त, दोन्ही हात डोक्यावर.

"अरे, मी काय केलंय तुझं?"

काच्याने दांडा उगारला.

ताई वाकली, नवऱ्याला झाकायला.

दांडा खाली आला. तिचं डोकं मागे जाऊन पडद्यावर आपटलं.

दांडा पुन्हा वर गेला. तो आपण नेला की आपोआप गेला, हे त्याला नंतर कधी सांगता आलं नाही.

लोक धावत आले. त्यांनी त्याला ओढून बाहेर काढलं आणि धक्क्यावर पालथं पाडून धरलं. कुणाचा तरी गुडघा त्याच्या पाठीत रुतला होता. आत भावोजी जमिनीवर बसून हंबरडा फोडत होते, "अगं ऊठ ना! ऊठ गं!" ताई उठली नाही.

काच्याने कशीबशी मान वर केली. मधल्या पडद्यावर लाल थेंब होते, त्याने पाहिले होते तिथेच. फडकं त्याच्या नाकासमोर कोरडंच पडलं होतं. पण पडद्याचा वरचा भाग, जो त्याने पुसलाच नव्हता, तो लख्ख झाला होता.

त्यातून एक चेहरा त्याच्याकडे बघत होता. काच्याने स्वतःचा चेहरा ओळखला. प्रतिबिंब आहे, तो पुटपुटला, प्रतिबिंबच आहे. पण तो इथे पालथा पडला होता आणि तो चेहरा सरळ उभा होता.

आणि प्लास्टिकवर मलमाचे ओले पट्टे होते, सगळे उभे.