दुसऱ्या काचघरातले टोमॅटो

व्हायोलिन ऐकून रोपं वाढतात हे सिद्ध झालं, तर नर्सरीच्या मालकाचा, म्हणजे काकांचा फायदा उघड होता : समोरच्या नर्सरीचं गिऱ्हाईक इकडे. वाजवणाऱ्याचा फायदा, दुपारची नोकरी कायम. पुतणीचा फायदा मात्र शोधूनही कोणाला सापडेना, म्हणून प्रयोग तिच्या गळ्यात पडला.

नर्सरीत तिला सगळे 'मोजपट्टी' म्हणत. ट्रेवर तिच्या सहीची चिठ्ठी असली की लोक पान उलटून बघायचे नाहीत. त्याच चिठ्ठीवर आता काकांना हवं होतं : 'संगीतावर वाढलेली'. ती संतापली, पण प्रयोगाआधी नाही म्हणणंही तिच्या तत्त्वात बसेना.

पहिल्याच दिवशी काचघराच्या अरुंद दारात दोघं समोरासमोर अडकली. त्याच्या हातात व्हायोलिनची पेटी, तिच्या हातात झारी.

"आधी मी," ती म्हणाली. "पाण्यावाचून झाडं मरतात. तुमच्यावाचून आजवर एकही मेलेलं नाही."

"मी वाजवल्यामुळेही नाही मेलेलं," म्हणत तो दाराला चिकटून उभा राहिला. जाताना त्याच्या व्हायोलिनच्या गजाला चोळलेल्या राळेचा वास तिच्या ओढणीला लागला... दिवसभर सुटेना. तिला त्याचाही राग आला.

प्रयोग सरळ होता. दोन काचघरं, एकाच पाकिटातलं टोमॅटोचं बी, तीच माती, तेच ऊन. पहिल्यात रोज तासभर व्हायोलिन, दुसऱ्यात शांतता. रोजच्या नोंदी तिच्या वहीत, मोजणी सहा आठवड्यांनी.

मोजणीत पहिल्या काचघरातली रोपं दुसऱ्यातल्यांपेक्षा चांगली चार बोटं उंच निघाली! काकांचं नाचायचंच बाकी होतं. "कर सही, पोरी!"

सही राहिली बाजूला. ती तरातरा पहिल्या काचघरात गेली. तो गज ताणत होता.

"तुम्ही यांना खत घातलंत."

"मी? अहो, मला खत कुठलं आणि माती कुठली हेही कळत नाही!"

"मग पाणी. चोरून. नोकरी टिकावी म्हणून."

आता तो भडकला. "मी डोळे मिटून वाजवतो असं वाटतं ना तुम्हाला? एक उघडा असतो! रोज पाणी घालायला म्हणून येता. काम पाच मिनिटांचं. मग एक पिवळं पान खुडता. मग काडीचा आधार देता. मग ट्रे उन्हाकडे फिरवता. मग पुन्हा झारी. माझं वाजवणं संपेपर्यंत! शेजारी किती वेळ थांबता?"

खरंच होतं ते. शेजारचं काम ती उभ्या उभ्या उरकायची. इथल्या वाजवण्याची सुरुवात चुकू नये म्हणून.

"आणि हे तुम्ही सहा आठवडे नुसतं बघत बसलात? माझा अख्खा प्रयोग नासला! बोलायला काय झालं होतं?"

"बोललो असतो, तर..." तो व्हायोलिनवरची नसलेली धूळ पुसू लागला. "तर तुम्ही पाच मिनिटांत गेला असतात."

काचेवरून एक थेंब उगाच रेंगाळत खाली आला.

"निर्लज्ज!" ती म्हणाली. कान मात्र तापले होते.

"आहे."

"मी काकांना खरं सांगणार. नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे. पण खोटी सही करू नका. मीही येतो — निम्मी चूक माझी आहे."

सगळं ऐकून काकांनी कपाळावर हात मारला. "रोपं वाढली हिच्या हातानं? मग याला पगार कशाचा देत होतो मी?"

"मी तिथे थांबावं याचा," मोजपट्टी फाडकन बोलून गेली, आणि जीभ चावली.

काकांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "ते यापुढे आपापल्या खर्चानं करा!"

फाटकाशी तिनं त्याला गाठलं. राग अजून नाकावरच होता. "उद्या कुठे वाजवणार?"

"जिथे रोपं नसतील तिथे."

"पत्ता सांगा. मला एकदा तरी... नुसतं ऐकायचंय."

शेवटी हिशेब असा झाला. काकांची जाहिरात बुडाली, त्याची नोकरी गेली, तिची सहा आठवड्यांची वही रद्द झाली. पण तिघांपैकी कोणीही उपाशी राहिलं नाही. खरी किंमत मोजली ती दुसऱ्या काचघरातल्या टोमॅटोंनी. बिचारे खुरटले. तेही प्रेम करणाऱ्यांपायी, ज्यांच्याशी त्यांचं काडीचंही देणंघेणं नव्हतं!