चार सेकंद पुढचा माणूस

वृषाली दाभाडेने हातातले दोन्ही दांडे एकदम सोडले. चंद्रावर, एका अर्धवट पाडलेल्या इमारतीच्या आवारात, मागे मागे येणारा तिचा लोडर थोडा घसरला आणि उभा राहिला. पडद्यावर लोडरच्या मागे, चाकापासून हातभर अंतरावर, नारिंगी पोशाखातला एक माणूस दिसत होता.

ती पाहत राहिली. काही सेकंद माणूस होता. मग नाहीसा झाला. चालत बाजूला गेला नाही, वाकून खाली बसला नाही. नुसता दिसेनासा झाला.

"समीर," ती मायक्रोफोनमध्ये म्हणाली, "आत्ता लोडरच्या मागे कोण आलं होतं?"

प्रश्न चंद्रावर पोचायला सव्वा सेकंद लागला, उत्तर परत यायला तेवढाच.

"मागे? कुणी नाही, ताई. इथे मी एकटाच आहे आणि मी भिंतीच्या आड आहे."

समीर उगले खोटं बोलणाऱ्यांतला नव्हता. वृषालीने दांडे पुन्हा धरले. असं याच आठवड्यात तिसऱ्यांदा घडत होतं.

चंद्रावरची पहिली वसाहत आता जुनी झाली होती. चांद्रमातीच्या भाजलेल्या विटांची तिची घरं पाडून तिथे नवी उभारायची होती. मोठं यंत्र भिंती पाडायचं, समीर राड्यारोड्यात अडकलेल्या सळया कापायचा आणि वृषाली जुन्नरजवळच्या नियंत्रण केंद्रात खुर्चीवर बसून एका छोट्या लोडरने तो राडारोडा गोळा करायची. लोडर ठेंगणा आणि चपळ होता. एका बाजूची चाकं थांबवून दुसऱ्या बाजूची फिरवली की जागच्या जागी गर्रकन वळायचा, म्हणून अडचणीच्या जागेत उपयोगी पडायचा. पण वळताना त्याचा मागचा भाग झपाट्याने फिरतो, आणि तिथे माणूस असला तर त्याला सावरायला वेळ मिळत नाही.

वृषालीने यंत्रशास्त्राची पदवी घेतल्यावर पिंपरीत पाडकामावर असा लोडर खरोखर चालवला होता. लोडरचं फावडं नेहमी जमिनीलगत ठेवायचं, उचललेल्या फावड्याखाली कुणाला येऊ द्यायचं नाही, मांडीवरचा आडवा दांडा बसवल्याशिवाय यंत्र हलवायचं नाही, हे तिच्या अंगवळणी पडलेलं होतं; केंद्रातल्या खुर्चीलाही तसाच दांडा होता. नसलेला माणूस मात्र तिला तिथे कधीच दिसला नव्हता.

केंद्रप्रमुख आवटे यांनी तिला बोलावून घेतलं आणि कॅमेऱ्यांचं चित्रण दाखवलं. लोडर मागे येतो, अचानक थांबतो. मागची जागा रिकामी. तिन्ही वेळा रिकामी.

"मॅडम, तुमच्यावर माझा अविश्वास नाही," आवटे म्हणाले. "पण डोळे एकदा तपासून घ्या."

डोळे उत्तम निघाले. त्यामुळे वृषाली अधिकच गोंधळली. नजर चांगली आहे, माणूस दिसला आहे, आणि माणूस नव्हता. या तीन गोष्टी तिला काही केल्या एकत्र बसवता येईनात. घरी भाजी चिरतानासुद्धा ती मध्येच मागे वळून बघू लागली.

शेवटी आवट्यांनी डॉ. शमीम मुजावर यांना बोलावलं. वृषालीच्या पडद्यामागची सगळी यंत्रणा शमीमने रचली होती. त्या यंत्रणेचं नाव होतं पूर्वदर्शक.

"तुम्हाला पडद्यावर दिसतं ते कॅमेऱ्याचं दृश्य नाही, हे माहीत आहे ना?" शमीमने विचारलं.

"प्रशिक्षणात सांगितलं होतं. थोडं पुढचं दिसतं म्हणून."

"किती पुढचं ते बघा. चंद्रावरचं दृश्य इथे यायला सव्वा सेकंद. तुमची आज्ञा तिथे जायला सव्वा सेकंद. शिवाय तिथे लोडरचं वजन सहाव्या हिश्श्याचं, म्हणून चाकांची पकड कमी. पण त्याला थोपवायला जोर इथल्याइतकाच लागतो. तो थांबेपर्यंत आणखी दीड सेकंद जातो. झाले चार. म्हणजे कॅमेऱ्यातलं दृश्य पाहून तुम्ही लोडर थांबवलात, तर तो थांबेपर्यंत चार सेकंद उलटलेले असतात. म्हणून पूर्वदर्शक चार सेकंदांनंतर तिथे काय असेल याचा अंदाज बांधतो आणि त्याचं चित्र तुम्हाला दाखवतो."

"माणसांचासुद्धा अंदाज?"

"माणसांचा तर आधी. प्रत्येकाच्या पोशाखात स्थानदर्शक आहे, त्यामुळे भिंतीआडचा माणूसही त्याला कळतो. तो कुठल्या दिशेला वळला, किती भराभर चालतो, एरवी काय करतो, सगळं हिशोबात घेतलं जातं."

"मग मला दिसला तो माणूस म्हणजे अंदाज होता?"

"हो. आणि तो चुकला."

वृषालीला हायसं वाटलं. आपल्या डोक्यात काही बिघाड नव्हता. "लोडरला स्वतःहून थांबता येत नाही का?" तिने जाता जाता विचारलं.

"पाडकामावर चहूकडे ढिगारे. तो दर पावलाला थांबायचा, म्हणून ती सोय बंद केली. तुम्ही काळजी करू नका. पूर्वदर्शक आपली चूक स्वतः सुधारतो. चार सेकंदांपूर्वी काय दाखवलं आणि प्रत्यक्षात काय झालं हे ताडून बघतो. आता तो हे अधिक कडकपणे करेल अशी तजवीज करते."

सुधारणा झाली. आधी नारिंगी माणूस फिकट दिसू लागला, मग क्वचित, मग दिसेनासाच झाला. लोडर विनाकारण थांबेना. काम भराभर उरकू लागलं आणि आवट्यांनी वृषालीचं सर्वांसमोर कौतुक केलं.

एके दिवशी मोठं यंत्र दुरुस्तीला थांबलं होतं, तेव्हा ती आणि समीर गप्पा मारत होते. दोघांच्या वाक्यांमध्ये नेहमीची शांतता पडत होती.

"ताई, हल्ली तुमचा लोडर मध्येच थांबत नाही. बरं झालं. मागे दोन-तीनदा मी भिंतीच्या आडून पलीकडे जायला निघालोच होतो आणि तुम्ही एकदम थांबलात."

"निघाला होतास?"

"हो. लोडरच्या मागून जायचं नाही हे मला माहीत आहे, पण वळसा घालून जायचं म्हणजे फार लांब पडतं, प्राणवायू खर्च होतो. तुमचं यंत्र असं अचानक थांबलं की काहीतरी बिघडलं असं वाटतं. मग मी पाय मागे घेतो आणि आडच राहतो."

त्याने सांगितलेलं साधं होतं, तरी वृषालीला ते धड कळेना. तो निघाला होता. ती थांबली. म्हणून तो आला नाही. मग आपल्याला जो दिसला तो खरा की खोटा?

काम पुन्हा सुरू झालं. तिने फावडं भरून घेतलं, जमिनीलगत आणलं आणि मागे येण्यासाठी दांडे धरले. पडद्यावर मागची जागा रिकामी, स्वच्छ होती. तरी तिने दांडे ओढले नाहीत.

"समीर, तू आत्ता कुठे आहेस?"

अडीच सेकंद काहीच आलं नाही. मग त्याचा आवाज आला आणि त्याच क्षणी पडद्यावर भिंतीच्या कडेशी नारिंगी पोशाख उमटला. "भिंतीच्या आडून निघालोय, ताई. तुमच्या मागून पलीकडे जातोय."

पूर्वी तो चार सेकंद आधी दिसला असता. आज कॅमेऱ्यालाच दिसला तेव्हा दिसला. तिने दांडे ओढले असते तर तो दिसेपर्यंत लोडर मागे सुटलेला असता, आणि नंतर कितीही लवकर सोडले तरी उपयोग नव्हता.

"समीर, आधी पलीकडे जा," ती म्हणाली. "गेलास की सांग." आणि मांडीवरचा आडवा दांडा वर करून ती खुर्चीतून उठली.

शमीमने सगळं ऐकून घेतलं. मग तिने आधीच्या तिन्ही वेळांच्या नोंदी उघडल्या.

"पूर्वदर्शकाने तुम्हाला माणूस दाखवला," ती हळूहळू म्हणाली. "तुम्ही थांबलात. म्हणून माणूस आला नाही. नंतर पूर्वदर्शकाने ताडून पाहिलं, तर जागा रिकामी. त्याने ती स्वतःची चूक धरली. जेवढ्या वेळा त्याने समीरला वाचवलं, तेवढ्या वेळा तो चुकला असं त्याच्या हिशोबात आलं. आणि मी त्याला चुका सुधारायला सांगितलं."

"मग आता त्याला खरं शिकवा."

"कशावरून शिकवू? त्याला घडलेली गोष्ट लागते. माणूस दिसला, तुम्ही थांबला नाहीत आणि माणूस खरोखर आला, अशी."

अशी गोष्ट मुद्दाम घडवून आणता येणार नव्हती.

शमीमने ती कडक सुधारणा रद्द केली. पण पूर्वदर्शक हळूहळू का होईना स्वतःहून तेच शिकत राहणार होता, म्हणून सगळी भिस्त त्याच्यावर राहू नये यासाठी तिने एक नियम करून घेतला: मागे येण्याआधी वृषालीने विचारायचं आणि समीरने "मोकळं" म्हटल्याशिवाय लोडर हलवायचा नाही. आवटे कुरकुरले, कारण प्रत्येक वेळी अडीच सेकंद वाया जाणार होते. पण त्यांनी मान्य केलं. समीरची मुदत संपून तो पृथ्वीवर परतला. त्याच्या जागी फिरोज तांबोळी नावाचा कमी बोलणारा माणूस आला. काम चालत राहिलं. एकही अपघात झाला नाही.

काही महिन्यांनी आवट्यांनी वृषालीला पुन्हा बोलावलं.

"विचारण्याचा नियम उद्यापासून बंद," ते म्हणाले. "नियम सुरू झाल्यापासून तुम्ही हजारो वेळा विचारलंत. दर वेळी उत्तर आलं, मोकळं. एकदाही कुणी 'थांबा' म्हटलेलं नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर कायम एकच येतं, तो विचारायचा कशाला?"

त्यांचं म्हणणं चूक आहे असं वृषालीला वाटत होतं, पण चूक कुठे आहे ते दाखवता येत नव्हतं. हजारो वेळा मोकळं. कदाचित खरंच मोकळं असेल. फिरोज समीरसारखा नसेल, वळसा घालून जात असेल. तिने शमीमला फोन लावला.

"मी काय पुरावा देऊ त्यांना?"

"पुरावा एकाच प्रकारचा असतो," शमीम म्हणाली, "आणि तो आपल्या दोघींनाही नकोय."

दुसऱ्या दिवशी वृषाली खुर्चीत बसली, आडवा दांडा बसवला, फावडं भरलं. मागची जागा पडद्यावर रिकामी होती. विचारायचं नव्हतं. तरी तिने विचारलं.

"फिरोज, मोकळं आहे?"

या वेळी उत्तर उशिरा आलं.

"ताई, तो नियम आजपासून बंद झाला ना?"

"झालाय. तरी सांग."

पुन्हा शांतता. अडीच सेकंद गेले, आणखी काही गेले. कानात त्याचा श्वास जोरात ऐकू येऊ लागला, भराभर चालणाऱ्या माणसाचा असतो तसा.

"मोकळं," तो म्हणाला.

"एवढा वेळ का लागला?"

"भिंतीच्या आडून तुमच्या मागे यायला निघालो होतो ना. रोजच निघालेला असतो, आज जरा जास्तच पुढे आलो होतो. तुम्ही विचारलंत की परत आड जातो आणि मग मोकळं म्हणतो."