खाडीपलीकडची मतं

"डावा हात," शुभदा मान वर न करताच म्हणाली. समोर आलेल्या बोटाला माशाचा खवला चिकटलेला होता.

"सॉरी हां... जाळं काढून तसाच आलेलो."

तिनं वर पाहिलं. उन्हानं रापलेला चेहरा आणि हसरे डोळे... शाईची काडी बोटावरच थबकली.

"मॅडम, एकाच बोटाला लावतात ना? तुम्ही तर अख्खा हात रंगवलात!"

पंच्याण्णवची विधानसभा होती. डोंबिवलीच्या शाळेत शिकवणाऱ्या शुभदाला खाडीकाठच्या केंद्रावर ड्युटी लागली होती. आपलं गाव म्हणजे फडके रोड, ग्रंथालय आणि ओळखीची चार आडनावं, असं तिला आजवर वाटायचं. आज सकाळपासून मात्र सगळा मतदारसंघच तिच्यासमोर हात पुढे करत होता — एमआयडीसीतल्या कामगाराची रंगानं पिवळी पडलेली बोटं, नव्या बिल्डिंगमधल्या गुजराती सासूबाईंची मेंदी, गिरणी बंद पडल्यावर परळहून इकडे आलेल्या काकांचा थरथरता अंगठा... एवढी माणसं? आणि सगळी इथलीच?

"आमचं गाव यायचंय अजून," तो म्हणाला. नाव नाथा. "खाडीपलीकडे हाय. मीच आणतो होडीनं."

"कुठल्या पक्षाची होडी?" तिनं मुद्दाम दरडावलं.

"माझ्या बापाची!"

ती खुदकन हसली... आणि केंद्राध्यक्ष प्रभाकर सर खाकरले.

दुपारी ओहोटी लागली. पाचला दार बंद होणार, आणि होडीचा पत्ता नाही. शुभदाची नजर सारखी खिडकीबाहेर. पावणेपाचला तिला दिसलं — होडी चिखलात रुतलेली, आणि ठेवणीतली लुगडी वर खोचून कोळणी गुडघाभर चिखल तुडवत येताहेत. सगळ्यांत पुढे नाथा, पाठीवर त्याच्या गावची म्हातारी, मनुबाई.

शुभदा खुर्चीतून उठलीच. एका मतासाठी... एवढं?

पाचच्या ठोक्याला सगळ्या रांगेत होत्या. दार बंद झालं तरी रांगेतल्यांना मत देता यावं म्हणून प्रभाकर सरांनी चिठ्ठ्या वाटल्या.

"पोरी, आमच्या गावान नल नाय, लाईट नाय," सुरकुतलेलं बोट पुढे करत मनुबाई म्हणाली. "पन आमी हाव ना!"

शुभदाचे डोळे भरून आले. पेट्या टेम्पोत चढत असताना ती नाथाजवळ गेली. त्याच्या पायांवरचा चिखल अजून ओला होता.

"तुमचं गाव... दाखवाल मला? रविवारी?"

त्या रविवारी ती गेली. मग पुढच्याही. एकदा ऐन खाडीत त्यानं वल्ही थांबवली. एका काठाला डोंबिवलीच्या इमारती दाटलेल्या, दुसऱ्या काठाला तिवरांची झाडी. ती डोळे विस्फारून बघत राहिली.

"मॅडम... मला तुम्ही आवडता. जाम आवडता."

"मॅडम नको. शुभदा."

"तुझ्या घरचे ऐकतील?"

"भांडतील."

"मग गं?"

"मग उभं राहायचं. निवडणुकीला राहतात तसं."

"आणि पडलो तर?"

शुभदानं वाकून एक वल्हं आपल्या हातात घेतलं.

"एक मत पक्कं आहे," ती म्हणाली. "आता चल... माझ्या काठाला. बाबा घरीच आहेत."