तांड्यावरचा पासपोर्ट

दुपारचा चहा गॅसवर असतानाच गुलाबचंद राठोड दारात येऊन उभा राहिला. आखाडा बाळापूरजवळच्या तांड्यावरून तो मोटरसायकल दामटत थेट कळमनुरीला आला होता.

"ताई, पावण्या बाईचा पासपोर्ट गेला," तो म्हणाला. "तो गाईड पोलीस आणून घराघराची झडती घ्या म्हणून राहिला. बाहेर काई हरवलं की पयले बोट तांड्याकडेच येतं. त्याच्या आधी तुमी या."

मंजुषा कऱ्हाळेनं गॅस बंद केला. कोर्टात नकलनवीस म्हणून नऊ वर्षं काढल्यावर तिनं खासगी चौकशीची कामं घ्यायला सुरुवात केली होती. तिचा नवरा विश्वंभर स्कूटर चालवी आणि टिपणं घेई. निकाल मात्र त्याला सगळ्यांबरोबरच कळे, आणि त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नव्हतं.

वाटेत गुलाबचंदनं एका टपरीवर थांबून सारी हकीगत सांगितली. हेल्मी नावाची ही बाई फिनलंडची, वय बासष्ट, विणकाम शिकवणारी निवृत्त शिक्षिका. बंजारा कशिदा पाहायला एकटीच भारतात आली होती. शहरातून रणजीत नावाचा गाईड तिनं घेतला होता, त्याचीच जीप होती. चार दिवस ती गुलाबचंदच्या घरी राहत होती. आज सकाळी नऊला दोघं बाळापूरच्या बाजाराला गेले, साडेअकराला परतले, आणि मग पासपोर्ट नसल्याचं तिच्या लक्षात आलं.

तांड्यावर पोचले तेव्हा अंगणात जीप उभी होती. तिची स्टेपनी कव्हरातून काढून जमिनीवर ठेवलेली होती. चारही चाकं धुळीनं माखलेली, पण टणक. विश्वंभरनं सवयीनं तेही लिहून घेतलं.

मंजुषानं हेल्मीबाईंना घरामागच्या लिंबाखाली नेलं. दोघींची मोडकी इंग्रजी एकमेकींना पुरली. बाई घाबरलेल्या होत्या, पण गोंधळलेल्या नव्हत्या. पासपोर्टाच्या दोन नकला त्यांच्याकडे होत्या, एक गावी भाचीकडे होती, वकिलातीचा फोन नंबर पाठ होता. कमरेला त्या नेहमी एक बटवा बांधत. चोरांनी तिकडेच पाहावं म्हणून. त्यात निव्वळ नक्कल असे. खरा पासपोर्ट खोलीतल्या बॅगेत, मोज्यांच्या गुंडाळीत. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. आताही पासपोर्ट गेला एवढंच त्या सर्वांना म्हणाल्या होत्या.

पाणीसुद्धा त्या स्वतः उकळून घेत. बाटली खांद्याला लटकलेली होती. "ही नजरेआड झाली तर त्यातलं पाणी मी ओतून देते," त्या म्हणाल्या. "आज ती एकदाही खांद्यावरून उतरलेली नाही."

विश्वंभरला त्या बाईंचं मोठं कौतुक वाटलं. परगावी लग्नाला जाताना तो स्वतः टॉवेल विसरत असे.

घरातली सून निता पोळ्या लाटत होती. तिच्या मते पासपोर्ट बाजारात कुणी कमरेच्या बटव्यातून मारला असणार. सकाळी निघताना काही वेगळं घडलं का, असं मंजुषानं विचारलं.

"काई न्हाई. समदे जीपपाशी होते. गाईडभाऊ तेवढा माघारी आला. बाईची पाण्याची बाटली राहिली म्हणे. खोलीत गेला न् लगेच बाहेर आला."

बाजेवर बाळापूरचे कापड दुकानदार व्यंकटराव बसले होते. बाजारात हेल्मीबाई त्यांच्याच दुकानात तासभर होत्या, म्हणून ते चिडून इथवर आले होते. बारा वाजता रणजीतनं एकट्यानं पुन्हा दुकानात येऊन त्यांना झापलं होतं की पासपोर्ट तुमच्याच गर्दीत मारला गेला. "तोच माणूस आता म्हणतो तांड्यावर चोरला. एक काय ते बोला म्हणावं. माझी इज्जत काय वाटेवर पडली आहे?"

रणजीत तिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला. तो नम्रपणे बोलला. दुकानातून एकच्या सुमारास तांड्यावर परत येऊन तो जेवला, स्टेपनीची हवा तपासली, विचार केला, आणि तांड्याचाच संशय पक्का झाला, असं त्यानं सांगितलं. अशा एकट्या बाईंनी असल्या वस्तीत उतरूच नये, हे तो पहिल्यापासून सांगत होता. बोलताना तो हेल्मीबाईंच्या जवळून हलत नव्हता.

राहिली गुलाबचंदची आई, जमनाबाई. ती ओसरीच्या कडेला बसून आरशांच्या कशिद्याची थैली शिवत होती. मंजुषानं विचारलेल्या प्रश्नांना तिनं हूं-व्हय एवढंच उत्तर दिलं. सारा तांडा धास्तावलेला, तिची सुई मात्र एकसारखी चालत होती.

"सुरेख झाली आहे," मंजुषा म्हणाली. "कुणासाठी?"

"हेल्माबाईसाठी."

हेल्मीबाईंनी मंजुषाला कौतुकानं सांगितलं की ही थैली कालच पुरी झाली होती. शेवटची गाठ त्यांनी स्वतः मारली होती. विश्वंभरनं पाहिलं, तळाला नवा पांढरा दोरा होता. बाकी सगळा लाल.

मंजुषानं सर्वांना अंगणात बोलावलं. जीपची किल्ली तिनं आधीच गुलाबचंदकडे द्यायला लावली होती.

"पासपोर्ट बाजारात गेलाच नाही," ती म्हणाली. "तो बटव्यात नव्हता, खोलीत होता. सकाळी सगळे जीपपाशी असताना खोलीत एकच माणूस गेला. कारण काय, तर बाटली आणायची होती. आणि बाटली तर बाईंच्या खांद्यावर होती."

रणजीत म्हणाला की आपला गैरसमज झाला असेल.

"होऊ शकतो. म्हणून मी पुढचं पाहिलं. बारा वाजता तुम्ही व्यंकटरावांना म्हणालात, बाजारात गेला. दोन वाजता म्हणालात, तांड्यावर चोरला. मधल्या वेळात नवं काहीच कळलं नव्हतं. तुम्ही जेवलात आणि स्टेपनी काढली, एवढंच. चारही चाकं ठणठणीत असताना. चोरलेली वस्तू तुम्ही स्टेपनीच्या कव्हरात ठेवली होती, आणि जेवून पाहता तर ती तिथं नाही. ती तांड्यातल्याच कुणी काढली हे जगात एकट्या तुम्हालाच कळलं. म्हणून तुमचं बोट फिरलं. झडती तुम्हाला पासपोर्ट शोधायला हवी होती."

विश्वंभरनं टिपणातल्या स्टेपनीखाली रेघ ओढली.

"मग कुणी काढला?" व्यंकटरावांनी विचारलं.

"जिला आज भीती वाटली नाही तिनं. काल संपलेली थैली आज कुणी पुन्हा शिवतं का?" मंजुषा जमनाबाईसमोर खाली बसली. "मावशी, उसवा आता. इथं तुमच्यावर कुणी बोट ठेवणार नाही."

जमनाबाईनं दातानं पांढरा दोरा तोडला. अस्तरातून लाल पुस्तिका निघाली.

"सकाळी ह्यो चाकाच्या कव्हरात काई घालून राहिला होता, म्या गोठ्यातून पाह्यलं," ती म्हणाली. "बाई रडवेली झाली तवा समजलं. ह्यो जेवायला बसला न् म्या काढलं."

"मग काहून नाही सांगितलं?" गुलाबचंद म्हणाला.

"कोणाला सांगू? तिची भाषा मला येत न्हाई. मधात बोलणारा हाच. माह्या हातात दिसलं असतं तर चोर म्या झाले असते, आन् तिला देलं असतं तर यानं वाटेत पुन्हा घेतलं असतं. थैली तिच्या गळ्यात घालायची न् हा गेला की दोरा दाखवायचा, असं ठरवलं होतं."

रणजीत जीपकडे वळला, किल्ली नाही हे आठवलं आणि बाजेवर बसला. परदेशी पासपोर्टाला शहरात गिऱ्हाईक मिळतं, हे त्यानं बाळापूरहून पोलीस आल्यावर कबूल केलं.

मंजुषानं सारं इंग्रजीत सांगितलं तेव्हा हेल्मीबाई जमनाबाईजवळ जाऊन बसल्या. या प्रवासात इतकी काळजी घेऊनही आपण चुकलो कुठं, असं त्यांनी विचारलं. मंजुषा म्हणाली, चुकलात तुम्ही एकाच जागी. गाईडचा ओळखीचा दाखला तेवढा मागून घेतला नाहीत. बाकी राहायला घर मात्र तुम्ही अचूक निवडलंत.

विश्वंभरला वाटलं बाई आता सामान बांधतील. त्यांनी पासपोर्ट पुसला, उघडून पाहिला, आणि जमनाबाईच्या हातात दिला. परत जाईपर्यंत तुमच्यापाशीच राहू दे, असं त्या खुणेनं सांगत होत्या.

जमनाबाईनं तो पदराला बांधला. मग मंजुषाला म्हणाली, "तिला सांगा, उद्या पुसेगावला नेते माह्या बहिणीकडं. तिचा कशिदा माह्याहून बारीक हाय. एसटीनं जाऊ."