कापडाखालची पेटी

“कॅसेटवाला या बाजारात नाहीच,” बुशैब म्हणाला. “माझ्या चपला झिजल्या, पण एक कॅसेट दिसली नाही.”

“तुझ्या चपला गेल्या ईदपासून झिजलेल्याच आहेत,” शामा म्हणाली.

हस्नाने हातातला कागद उलगडला, पाठ झालेली ओळ पुन्हा वाचली आणि घडी घालून ठेवून दिला. वसंताची सुट्टी लागून दोन दिवस झाले होते. दोन्ही सकाळी ही तिघं कासाब्लांकातल्या दर्ब गल्लेफच्या जुन्या बाजारात, पत्र्याच्या छपराखालच्या बोळांतून फिरत होती. हस्ना तेरा वर्षांची, तिची मावसबहीण शामा दहाची, आणि शेजारचा बुशैब बारा वर्षांचा, पण बोलण्यात चाळिशीचा.

कागद हस्नाच्या भावाचा होता. झुहैर एकोणीस वर्षांचा होता. एकतीस दिवसांपूर्वी फुटबॉल खेळताना तो मैदानात खाली बसला आणि उठलाच नाही. त्याचं हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. त्याच्या खाटेखाली बिस्किटांचा एक डबा सापडला. डब्यात दोन वर्षं साठवलेले पैसे होते, एक छोटी डिस्क होती आणि हा कागद होता.

डिस्कवर त्याचा सिनेमा होता. हातांनी काढलेला नव्हे, संगणकावर घडवलेला. गोष्ट त्यांच्या आजोबांची होती. आजोबा दीपगृहावर होते. एकदा दाट धुक्यात दिवा बंद पडला, तेव्हा समुद्रात गेलेल्या प्रत्येक होडीचं नाव घेऊन ते सकाळपर्यंत हाका मारत राहिले. सिनेमातला आजोबांचा आवाज झुहैरने स्वतःच काढला होता. सात मिनिटांच्या सिनेमातली शेवटची दीड मिनिटं तेवढी शिजायची राहिली होती. झुहैर शिजणंच म्हणायचा. प्रत्येक चित्रातला उजेड आणि सावली संगणकाला हिशेबाने भरावी लागते, आणि एका सेकंदाला चोवीस चित्रं लागतात. “मातीच्या भांड्यात मंद शिजणाऱ्या ताजीनसारखं आहे,” तो हस्नाला सांगायचा, “सारखं झाकण उघडून बघितलं म्हणून लवकर होत नाही.” युवा केंद्रातल्या संगणकावर त्याने बाकीचा सिनेमा कसाबसा शिजवला होता. हिवाळ्यात तो संगणकही बंद पडला.

बाबा दिवसभर मासळी बंदरावर बर्फ फोडत. सिनेमाचा विषय निघाला की ते म्हणत, “पुरा झाला की दाखव. अर्धं काम मी बघत नाही.” हे ते रागाने म्हणायचे नाहीत. त्यांची रीतच तशी होती.

नऊ दिवसांनी झुहैरचा चाळिसावा दिवस होता. नातेवाईक येणार, कुराण वाचलं जाणार, कुसकुसचं जेवण होणार, आणि मग ज्याने त्याने आपापल्या कामाला लागायचं. त्या दिवशी सिनेमा पुरा करून बाबांपुढे ठेवायचा, असं हस्नाने ठरवलं होतं. आईला तिने सांगितलं, तेव्हा आई बराच वेळ तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली आणि डबा तिच्या हातात दिला.

पण संगणक कुठला घ्यायचा? कागदावर झुहैरने बारीक अक्षरात लिहिलं होतं. पेटीच्या रूपावर पैसा घालू नये. पडदा घेऊ नये, घरचा टीव्ही चालेल. डिस्क लहान चालेल. मेमरी बत्तीस हवी. वीज पुरवणारा डबा नवा हवा, नाहीतर सगळं जळेल. चित्राच्या कार्डात काटकसर नको, खरं काम तेच करतं. नावावर विश्वास ठेवू नये, एक चित्र शिजवायला लावावं आणि कार्डाचा पंखा ऐकावा. सगळ्यात खाली एकच ओळ होती. ‘शब्द झाला. पेटी कापडाखाली आहे. कॅसेटवाल्याच्या मागे.’

कुणाशी शब्द झाला, ते लिहिलं नव्हतं.

“अरे, इथे काय उभे?” मागून हमीदमामाचा आवाज आला. हमीदमामा म्हणजे हस्नाच्या आईचा धाकटा भाऊ. मायाळू आणि घाईचा. कुठलीही वस्तू घ्यायची म्हटली की त्याच्या ओळखीचा एक माणूस असायचाच. आत्ताही होता. मामाने सांगून टाकलं की त्याने पेटी पसंत केली आहे, विसारही दिला आहे, आता फक्त उचलायची.

ते दुकान उजेडाने नुसतं न्हालं होतं. काचेची पेटी, आत लाल, निळे, हिरवे दिवे. दुकानदाराच्या बोटात जाड अंगठी होती. त्याने पडद्यावर कार्डाचं नाव दाखवलं. नाव भारी होतं आणि भाव बरोबर डब्यातल्या पैशांएवढाच होता.

“बघ, लग्नघरासारखी पेटी आहे,” मामा खुशीत म्हणाला.

“मामा, एक चित्र शिजवून बघू?” हस्नाने विचारलं.

दुकानदार हसला. त्याने मामालाच सांगितलं की मुलींना रंग बघू दे, तपासणी आमची झालेली असते. पण हस्नाने तोवर डिस्क जोडली होती. चित्रं शिजवणारा प्रोग्रॅम झुहैरने त्याच डिस्कवर ठेवला होता. दोन हजार एकशे साठ चित्रं बाकी होती. शामाने डोळे मिटून एक आकडा सांगितला, एकोणीसशे. हस्नाने तेच चित्र लावलं.

मग वाट बघणं आलं. दुकानदार दोनदा तार काढायला पुढे झाला आणि दोन्ही वेळा बुशैब मध्ये आला. हा निळा दिवा वेगळा मिळेल का? लाल बंद करून फक्त हिरवा ठेवता येतो का? त्याच्या आजीला हिरवा आवडतो. आजीला काचेतून दिसेल ना? दुकानदाराला वाटलं, दुसरं गिऱ्हाईक लागतंय. त्याने चहा मागवला. हस्ना मात्र पेटीला कान लावून बसली होती. पेटीतले दिव्यांचे पंखे घरघरत होते, पण कार्डाचा पंखा हलतही नव्हता. तिने मागून हात धरून पाहिला. कार्ड थंडगार होतं.

अकरा मिनिटांनी चित्र उघडलं.

दीपगृहाची खिडकी होती. बाहेर धुकं, आणि आजोबा ओरडून ओरडून थकलेले. त्यांच्या शेजारी स्टुलावर चढून एक मुलगी कंदील वर धरून उभी होती. तिच्या डाव्या भुवईत एक जुनी खोक होती.

हस्नाचा हात आपोआप स्वतःच्या भुवईकडे गेला. हे चित्र झुहैरनेही कधी पुरं पाहिलं नव्हतं. ते आत्ता, या परक्या दुकानात, पहिल्यांदाच झालं होतं. शामाने तिच्या बाहीला घट्ट धरलं.

पहिला भानावर आला बुशैब. त्याने बोटांवर हिशेब केला आणि शेजारच्या चार दुकानांना ऐकू जाईल असा सांगितला. अकरा मिनिटांनी एक चित्र, म्हणजे सगळी व्हायला साडेसोळा दिवस. आपल्याकडे नऊ. “आणि काका, कार्ड एवढं भारी, मग त्याचा पंखा उपासाला बसलाय का?”

लोक वळून बघू लागले. शेजारच्या दुकानातला एक दुरुस्तीवाला हात पुसत आला, पेटीचं झाकण काढून त्याने कार्डावर बॅटरी मारली आणि मान हलवली. कार्ड दहा वर्षांपूर्वीचं होतं. त्याला नव्याचं नाव सांगायला शिकवलं होतं, एवढंच. मामाचा चेहरा उतरला. विसार परत मागताना मात्र त्याचा आवाज चढला. अंगठीवाल्याने पैसे मोजून दिले, कोणाकडे न बघता.

एवढ्यात म्हातारा चहावाला रिकामे पेले गोळा करायला आला. त्याच्या तबकात अजून एक भरलेला पेला होता. पुदिना वाया जाईल म्हणून बुशैबने हात पुढे केला, तर चहावाल्याने तबक बाजूला घेतलं.

“तो कॅसेटवाल्याचा आहे.”

तिघांनी एकदम माना वर केल्या. “कॅसेटवाला? कुठेय?”

चहावाल्याने समोर बोट केलं. समोर फोनच्या कव्हरांचं दुकान होतं. दोन दिवसांत मुलं त्याच्यापुढून दहादा तरी गेली असतील. कॅसेट विकायचं बंद होऊन वीस वर्षं झाली, चहावाला म्हणाला, पण माणूस तोच आहे, मग नाव कशाला बदलायचं?

दुकानाच्या मागे एक अरुंद बोळ होता. बोळाच्या टोकाला एका बाकावर तारा, डाग देण्याची सुई आणि उघडी यंत्रं. बाकामागे जाड चष्म्याचा एक माणूस बसला होता. त्याला आजूबाजूचे मुअल्लिम अय्याद म्हणत. कसबी माणसाला हाक मारायची ती रीतच आहे. बाकाखाली निळ्या कापडाने झाकलेलं काहीतरी चौकोनी होतं.

हस्नाने कागद पुढे केला. त्याने चष्मा कपाळावर चढवून अक्षर पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

“झुहैरचा कागद! तू बहीण ना? खोक आहे भुवईला, सांगितलं होतं त्याने. आहे कुठे तो? तीन शुक्रवार माझ्याशी पेटीच्या किमतीवरून भांडला, आणि शब्द झाल्यावर गायब. त्याला सांग, दोघंजण पेटी विचारून गेले. मी कापड उचललं नाही.”

मामाने तोंड फिरवलं.

“मुअल्लिम,” हस्ना म्हणाली, “तो येणार नाही. आज एकतिसावा दिवस आहे.”

त्याने आधी न ऐकल्यासारखं केलं. मग हातातली सुई हळूच स्टँडवर ठेवली. चष्मा काढला, कुडत्याच्या टोकाने पुसला, पुन्हा पुसला. शेवटी तो खाली वाकला आणि त्याने कापड काढलं.

पेटी कुरूप होती. कुठल्याशा कचेरीने टाकून दिलेली, काळी, एका कोपऱ्यात चेपलेली. हस्नाने डिस्क जोडली. कार्डाचा पंखा लगेच गरगरू लागला आणि दोन मिनिटांत चित्र शिजलं. म्हणजे सगळं व्हायला तीन दिवस आणि तीन रात्री, बुशैब पुटपुटला.

मामाने हळूच विचारलं की आता भावात काही कमी होईल का. मुअल्लिमने मान हलवली.

“नाही. कमी केलं तर भीक झाली. पोरगा भाव करून गेलाय, तोच भाव. शब्द त्याला दिला होता, तो त्याच्या घरात राहील.”

तीन दिवस आणि तीन रात्री पेटी झुहैरच्या खाटेशेजारी घरघरत राहिली. आई त्या खोलीत जाऊन बसायची. आवाज ऐकते, म्हणायची. चौथ्या दिवशी पंखा थांबला आणि घर फार शांत झालं.

चाळिसाव्याला मुअल्लिम अय्याद आला, रीतीप्रमाणे साखरेची मोठी ढेप घेऊन. कुराण वाचून झालं, जेवणं झाली. हस्नाने टीव्हीला तार जोडली.

“बाबा,” ती म्हणाली, “पुरा झालाय.”

बाबा भिंतीला टेकून बसले. धुकं आलं, दिवा गेला, आणि झुहैरचा आवाज हाका मारू लागला. एकेक होडीचं नाव. आईने ओढणी तोंडाशी धरली. खिडकीत कंदील धरून मुलगी उभी राहिली. धुक्यातून एक होडी आली, मग दुसरी, मग बाकीच्या. शेवटची होडी लागली आणि काळ्यावर पांढरी अक्षरं उमटली. झुहैरने ती आधीच लिहून ठेवली होती.

‘शिजवलं: मुअल्लिम अय्यादच्या पेटीवर.
कंदील धरला: हस्नाने.
पहिले बघणारे: माझे बाबा.’

मुअल्लिमने पुन्हा चष्मा काढला. मामा बुशैबच्या पाठीवर थोपटत म्हणाला की पुढच्या वेळी काही घ्यायचं झालं तर आधी तुम्हाला तिघांना विचारीन. मुअल्लिमने सांगितलं की हस्नासारखा कान त्याच्या बोळात कुणाला नाही, सुट्टीत तिने बाकावर येऊन बसावं. आत्या, काकी, सगळ्यांनी मुलांना जवळ घेतलं. हस्ना मात्र बाबांकडे बघत होती.

बाबांची नजर काळ्या पडद्यावरच होती. बर्फाने चिरा पडलेले त्यांचे हात गुडघ्यांवर उघडे पडले होते.

“काम चांगलं आहे,” ते म्हणाले. “फार चांगलं आहे.” मग जरा थांबून, जणू झुहैर शेजारच्या खोलीतच असावा तसे, ते हळू आवाजात म्हणाले, “पुन्हा लाव. त्याला हाक मारू दे.”