तांब्याच्या नळीवरचे तीन ठोके

ही गोष्ट मी रचलेली नाही. जिच्या आठवणीनं आजही माझे सख्खे मामा जेवताजेवता थांबतात, ती ही घटना. त्यांच्या मनगटावरची खूण मी स्वतः पाहिली आहे. आणि हे काही रात्री-अपरात्री घडलेलं नाही. उन्हाळ्यातली भर दुपार, साडेतीनची वेळ, सहाव्या मजल्यावरची खोली.

मामा एसी दुरुस्त करतात. एक मशीन खोलीत भिंतीवर, दुसरं बाहेर खिडकीखालच्या छज्ज्यावर, आणि दोन्हींना जोडणारी तांब्याची नळी भिंतीतून गेलेली. त्यामुळे काम दोघांचं. एक आत, एक बाहेर.

बाहेरचा माणूस म्हणजे मामांचा भागीदार. इतका बारीक की सगळे त्याला काडीच म्हणायचे. मामांचं पोट तेव्हाही सुटलेलंच होतं.

"तू नको येऊस छज्ज्यावर," काडी म्हणायचा. "मशीनसकट अख्खी बिल्डिंग खाली नेशील."

भिंतीपलीकडून हाका धड ऐकू यायच्या नाहीत, म्हणून दोघांनी खुणा ठरवल्या होत्या. काडी बाहेरून नळीवर पान्यानं ठोकायचा. एक ठोका, चालू कर. दोन ठोके, बंद कर. तीन ठोके म्हणजे काम झालं, आत येतोय, हात दे.

मग मामा खिडकीशी जायचे, त्याचं मनगट धरायचे आणि आत ओढून घ्यायचे. बावीस वर्षं यात कधी चूक झाली नाही.

एकदा झाली.

त्या दिवशी मामा घामानं निथळत होते. मशीन सुरू झालं, गार वारा अंगावर आला आणि ते डोळे मिटून त्याच्याखाली उभे राहिले.

तीन ठोके पडले. मामांनी ऐकले.

येतो रे, जरा थांब, असं ते मनातल्या मनात म्हणाले. आणि उभेच राहिले. दोन मिनिटं असतील फार तर.

खिडकीशी गेले तेव्हा छज्जा रिकामा होता.

"मशीनच्या आवाजात ऐकूच आलं नाही वहिनी," त्यांनी काडीच्या बायकोला सांगितलं. तिनं विश्वास ठेवला. वर मामांचीच समजूत काढली. आतल्या मशीनचा आवाज असा असतो तरी किती, हे त्या बिचारीला कुठून ठाऊक असणार!

त्यानंतर मामा एकटेच जायचे आणि फक्त आतली कामं घ्यायचे. हवा गार येत नाही? जाळी धुवा. पाणी टपकतंय? नळी तुंबली असेल. रिमोट चालत नाही? आधी बॅटरी बदलून बघा.

पण एक तक्रार घरोघरी वाढत चालली होती.

"भिंतीत टकटक होतं हो..."

"प्लास्टिक आहे ताई. गरम-थंड झालं की वाजतं."

प्लास्टिक वाजतं हे खरं. पण ते मोजून वाजत नाही. मामा जातील तिथे तीनच ठोके पडायचे. मामा धावत जाऊन खिडकी उघडायचे. बाहेर कोणी नसायचं.

आणि मग ती दुपार आली.

त्या घरात एक वयस्कर बाई एकट्या राहायच्या. बाहेरचं मशीन बिघडलं म्हणून आठवड्यापूर्वीच काढून नेलं होतं. छज्ज्यावर नळीचं कापलेलं टोक तेवढं लोंबत होतं.

"मला एवढंच सांगा," बाई म्हणाल्या, "बंद मशीन वाजतं कसं?"

बाई पाणी आणायला स्वयंपाकघरात गेल्या.

तेवढ्यात...

एक ठोका.

मामांचं बोट सवयीनं रिमोटवर गेलं. बाहेरचं मशीन नसताना आत नुसता पंखा फिरायला हवा होता. पण वारा गार आला. त्या दिवशी आला होता अगदी तसाच.

दोन ठोके. मामांनी मशीन बंद केलं.

मग... तीन.

मामा खिडकीशी धावले. छज्जा रिकामा, रखरखीत उन्हात तापलेला. तरी त्यांनी हात बाहेर काढला.

"ये काड्या. आलोय मी. ये."

आणि... हातावर भार आला.

बर्फासारख्या बोटांनी मनगट घट्ट धरलं. दिसत काहीच नव्हतं. मामा रडत होते आणि सगळा जोर लावून ओढत होते. भार चौकटीपर्यंत आला. कानाजवळ धाप लागल्याचा आवाज आला.

खरोखरच आत येत होता तो.

तेव्हा मामांच्या मनात आलं, आत येतंय ते नक्की काय असेल? आणि भीतीनं त्यांनी हिसडा देऊन हात सोडवला.

किंकाळी नाही, काही नाही. नुसता खाली धप्प आवाज झाला.

"काय हो पडलं?" बाई पाण्याचा पेला घेऊन दारात उभ्या होत्या.

मामांनी वाकून पाहिलं. खाली काहीच नव्हतं.

मनगटावर पाच बोटांचे पांढरे व्रण उठले होते. डॉक्टर म्हणाले, एसीच्या गॅसनं भाजलंय, तुमच्या धंद्यात व्हायचंच. पण त्या कापलेल्या नळीत गॅसचा थेंब नव्हता.

त्या दिवसापासून ठोके थांबले. सगळ्या घरांतले.

सुटले असं वाटलं असेल ना तुम्हाला? मामींनाही तसंच वाटलं होतं. पण मामा आता प्रत्येक घरात नळीला कान लावून बसतात. मग खिडकी उघडतात आणि हात बाहेर धरून उभे राहतात. लोक हसतात. कामं येईनाशी झाली आहेत.

"पहिल्यांदा मला उशीर झाला होता रे," ते मला म्हणाले. "दुसऱ्यांदा तर मीच त्याला ढकललं."



काल दुपारी माझ्या घरातली भिंत वाजली. एक... दोन...

पुढचं ऐकू येऊ नये म्हणून मी टीव्हीचा आवाज वाढवला. मामांना अजून सांगितलेलं नाही.